सोफ्याच्या आत काय असते? आरामाच्या आधुनिक बैठकीची रचना समजून घेताना

लातूर, नांदेड, परभणी किंवा छत्रपती संभाजीनगर यांपैकी कोणत्याही शहरातील फर्निचरच्या दुकानात ग्राहक सोफ्याची पारख साधारणपणे एकाच पद्धतीने करताना दिसतात. गादीवर तळहात दाबून पाहायचा, क्षणभर बसून पाहायचे आणि मऊ आहे एवढी खात्री झाली की किमतीकडे वळायचे. दिवाणखान्यातील बैठक ही घरातील महागड्या वस्तूंपैकी एक असते, ती अनेक वर्षे वापरायची असते आणि घरातील वृद्धांपासून शाळकरी मुलांपर्यंत सर्वांचा भार तिला रोज पेलायचा असतो. असे असूनही तिच्या निवडीत मऊपणापलीकडे फारसे काही पाहिले जात नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. आधुनिक फर्निचरच्या रचनेने गेल्या दीडशे वर्षांत जे शिकवले, त्यानुसार शरीराला आराम मिळतो तो योग्य जागी आधार मिळाल्यामुळे, भार मोठ्या पृष्ठभागावर वाटला गेल्यामुळे आणि बसण्याची ढब अधूनमधून बदलता आल्यामुळे. मऊपणा या तिन्ही गोष्टींना मदत करू शकतो, तसाच तो तिन्हींचा घातही करू शकतो.

बसल्यावर शरीरात काय घडते

उभे असताना कण्याचा कमरेजवळचा भाग किंचित आत वळलेला असतो. आपण बसतो तेव्हा मांड्या पुढे येतात, त्यांच्या मागच्या बाजूचे स्नायू ताणले जातात आणि ते कटीच्या हाडाला मागे फिरवतात. त्यामुळे कमरेचा तो नैसर्गिक बाक सपाट होतो किंवा उलट दिशेला वळतो, आणि मणक्यांमधल्या चकत्यांवर असमान दाब येतो. स्वीडनमधील अस्थिरोगतज्ज्ञ आल्फ नाकेमसन यांनी १९६०च्या दशकात या चकत्यांमध्ये प्रत्यक्ष सुई घालून दाब मोजला होता. पाठीला टेकण न देता बसलेल्या माणसाच्या चकतीवर उभ्या माणसापेक्षा अधिक दाब असतो, असे त्यांना आढळले. पुढच्या मोजमापांतून आणखी एक उपयोगी गोष्ट समोर आली. टेकण मागे कलते केले आणि कमरेला आधार दिला, की हा दाब स्पष्टपणे उतरतो, कारण धडाचा काही भार कण्याऐवजी टेकणीवर जातो. जेवणाच्या टेबलाची खुर्ची आणि आरामाची बैठक यांच्यातील मूलभूत फरक इथे आहे: पहिलीवर आपण आपला भार बव्हंशी स्वतः पेलतो, दुसरीवर तो टेकणीकडे सोपवतो.

मात्र टेकण कलते केल्याने एक नवी अडचण उभी राहते. मागे रेललेल्या शरीराला पुढे घसरण्याची ओढ लागते. बसायचा भाग सपाट असेल, तर माणूस हळूहळू पुढे सरकत जातो, कमरेखाली पोकळी तयार होते आणि थोड्याच वेळात पाठीचा वरचा भाग तेवढा टेकलेला उरतो. म्हणून आरामाच्या आसनात बसायचा भागही मागच्या बाजूला उतरता ठेवावा लागतो, आणि टेकण जितकी अधिक कललेली तितका हा उतार वाढवावा लागतो. बसायचा भाग आणि टेकण यांच्यातील कोन साधारण १०० ते ११० अंश ठेवला, तर बोलत बसणे आणि विसावणे ही दोन्ही कामे साधतात. आपल्याकडे ऑर्डर देऊन बनवून घेतलेल्या अनेक सोफ्यांत बसायचा भाग अगदी सपाट आणि टेकण जवळजवळ काटकोनात असते, आणि ही उणीव झाकण्यासाठी पाठीमागे सुट्या उशा ठेवल्या जातात. उशांनी बसायच्या भागाची खोली कमी होते, कोन मात्र सुधारत नाही.

अतिमऊ गादीचा दोषही याच मोजपट्टीने समजतो. बसलेल्या माणसाचा बराचसा भार नितंबांखालच्या दोन हाडांवर येतो. गादी फार मऊ असली, की ही हाडे खोल रुततात, गुडघे कमरेपेक्षा वर येतात आणि कटीचे हाड आणखी मागे फिरते. शिवाय अशा गादीत शरीर एका साच्यात अडकल्यासारखे होते, कूस बदलणे किंवा पाय दुमडणे कष्टाचे होते. शरीराला कोणतीही एक ढब, ती कितीही चांगली असली तरी, फार वेळ सोसत नाही. स्नायूंना आणि रक्ताभिसरणाला हालचाल हवी असते. ज्या बैठकीवर माणूस सहज हलू शकतो, तीच दीर्घकाळ आराम देते.

बाज, बंगई आणि वेरूळची दहावी लेणी

मराठवाड्यातील घरांना ही तत्त्वे नवी नाहीत. केकताडाच्या किंवा अंबाडीच्या दोरीने विणलेली बाज पाहावी. तिच्यात गादी नाही, तरी तिच्यावर तासन्‌तास बसता आणि झोपता येते, कारण ताणलेली दोरी प्रत्येक ठिकाणी तिथल्या भाराप्रमाणे कमी-अधिक खाली जाते आणि दाब आपोआप वाटला जातो. विणीच्या मोकळ्या जागांतून वारा खेळत राहतो, म्हणून उन्हाळ्यातही पाठ घामेजत नाही. दोरी सैल पडली तर पायथ्याशी ती पुन्हा ओढून ताण परत आणता येतो. म्हणजे दुरुस्तीची सोयही रचनेतच आहे. अमेरिकेत १९९४ साली बिल स्टम्फ आणि डॉन चॅडविक यांनी हर्मन मिलर कंपनीसाठी एरॉन नावाची कार्यालयीन खुर्ची तयार केली, तेव्हा त्यांनी फोम पूर्णपणे काढून टाकला आणि चौकटीवर ताणलेली लवचीक जाळी बसवली. कारणे हीच होती: दाब समान वाटला जावा आणि शरीराची उष्णता अडकून राहू नये. ती खुर्ची बाजेवरून सुचली असे मी म्हणत नाही, तसा काही आधार नाही. परंतु एकाच प्रश्नावर दोन ठिकाणच्या कारागिरीला एकच उत्तर सापडले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

वाड्यातील दिवाणखान्यात जाजमावर गादी, लोड आणि तक्के मांडलेली बैठक असे. तिची खरी ताकद मोकळेपणात होती. मांडी घालून, एक गुडघा उभा धरून, लोडाला रेलून किंवा पाय लांब करून, माणूस दर थोड्या वेळाने ढब बदलत असे आणि त्यासाठी कोणताही हात किंवा कडा आड येत नसे. बंगईवर हीच हालचाल झोक्याच्या रूपाने सतत चालू राहते. लांब हातांची, वेताने विणलेली किंवा कापड ताणलेली आरामखुर्ची ही इंग्रजी अमदानीतून आपल्या ओसरीवर आली, आणि कललेली टेकण व मागे उतरता बसायचा भाग ही जोडी तिच्यात अचूक साधलेली आहे.

खुर्चीवर पाय खाली सोडून बसणे ही पूर्णपणे परकी सवय आहे, असेही समजण्याचे कारण नाही. वेरूळच्या दहाव्या लेणीत, सातव्या शतकातल्या त्या चैत्यगृहात, भव्य बुद्धमूर्ती आसनावर पाय खाली सोडून बसलेली आहे. शिल्पशास्त्रात या बैठकीला प्रलंबपादासन म्हणतात. अजिंठ्याच्या सोळाव्या लेणीतील मोठी बुद्धमूर्तीही याच आसनात आहे. वेरूळच्या त्या लेणीला लोक सुताराची झोपडी म्हणतात, कारण तिच्या कमानदार छतात लाकडी वाशांसारख्या फासळ्या दगडातच कोरलेल्या आहेत. सुतारकामाचा एवढा सन्मान दगडात क्वचितच झाला असेल. अजिंठ्याच्या चित्रांत राजवाड्यातील माणसे उशा-तक्क्यांना टेकून, एक पाय दुमडून बसलेलीही दिसतात. आपल्या भागात दोन्ही प्रकारचे बसणे पूर्वापार आहे आणि आजही एकाच घरात, एकाच सोफ्यावर, एकाच वेळी दोन्ही चालू असतात. सोफ्याची मापे ठरवताना या साध्या वस्तुस्थितीचा विचार व्हायला हवा, आणि तोच बहुधा राहून जातो.

मापे: पाय अनवाणी आणि मांडी घातलेली

बैठकीची उंची ठरवणारे माप म्हणजे जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या खळगीपर्यंतचे अंतर. बैठक त्याहून उंच असेल तर टाचा अधांतरी राहतात आणि मांडीखालची शीर दबून पायाला मुंग्या येतात. फार ठेंगणी असेल तर उठताना गुडघ्यांवर ताण येतो. परदेशी आराखड्यांतील उंची बूट घातलेला माणूस गृहीत धरून ठरवलेली असते आणि त्यांतील शरीरमापेही तिकडच्या लोकांची असतात. आपण घरात अनवाणी वावरतो. एवढ्याच कारणाने बैठक सुमारे एक इंच खाली यायला हरकत नाही. भारतीय शरीरांची स्वतंत्र मापे देबकुमार चक्रवर्ती यांनी संकलित केली आणि अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने ती १९९७ साली प्रकाशित केली; ही पायाभूत माहिती उपलब्ध असतानाही बाजारातील बरेचसे सोफे परदेशी छायाचित्रांवरून बनतात. घरापुरते पाहायचे झाल्यास टेपाने घरातील प्रौढांचे माप घेणे पुरेसे आहे. साधारणपणे १६ इंचांच्या आसपासची उंची, आणि तीसुद्धा माणूस बसून फोम दबल्यानंतरची, बहुतेकांना मानवते.

बैठक किती खोल असावी, यात मात्र खरी ओढाताण आहे. पाय खाली सोडून बसणाऱ्याला टेकणीपासून पुढच्या कडेपर्यंत १८ ते २० इंच पुरतात. त्याहून खोल बैठकीत पाठ टेकली तर गुडघे कडेवर अडतात, आणि पाय टेकवले तर पाठ सुटते. मांडी घालणाऱ्याला मात्र २३-२४ इंच हवे असतात. यावर माझ्या मते चांगला तोडगा म्हणजे तिघांच्या सोफ्याची खोली २० इंचांच्या आसपास ठेवून त्याच्या जोडीला एक खोल, बिनहाताचा दिवाण ठेवणे. सध्या लोकप्रिय असलेल्या एल आकाराच्या सोफ्याचा लांब भाग हेच काम करतो, फक्त तो दहा बाय बाराच्या खोलीत येण्याजाण्याची वाट अडवतो, हे आधी मोजून पाहावे.

वृद्धांसाठी आणखी एक बारकावा महत्त्वाचा आहे. बसलेला माणूस उठतो तेव्हा तो आधी पावले मागे, बैठकीच्या खाली घेतो आणि मग धड पुढे झुकवून शरीराचा भार पावलांवर आणतो. सोफ्याची पुढची बाजू जमिनीपर्यंत फळीने बंद केलेली असेल, तर पावले मागे जाऊच शकत नाहीत आणि गुडघेदुखी असलेल्या आजीला कोणीतरी हात देऊन उठवावे लागते. पुढे मोकळी जागा, १८ इंचांच्या आसपास उंची, किंचित घट्ट फोम आणि पुढच्या कडेपर्यंत पोहोचणारे भक्कम हात असलेली एक खुर्ची प्रत्येक बैठकीच्या खोलीत असावी, असे मी आग्रहाने सांगेन. माणसाला आपल्या आपण उठता येणे ही लहान गोष्ट नाही.

आधुनिक फर्निचर कशामुळे बदलले

आधुनिक फर्निचर म्हटले की सरळ रेषा, बारीक पाय आणि नक्षीचा अभाव एवढेच डोळ्यांसमोर येते. हे रूप आवडीनिवडीतून आले तसेच नव्या साहित्यातून आणि उत्पादनाच्या नव्या पद्धतींतूनही आले. मिखाएल थोनेट यांनी १८५९ साली बीचचे लाकूड वाफेवर मऊ करून वाकवले आणि १४ क्रमांकाची खुर्ची बाजारात आणली. तिचे सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट होते; सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत. तोपर्यंत खुर्ची ही एका सुताराने एका गिऱ्हाइकासाठी घडवलेली वस्तू होती, ती आता कारखान्यात बनून जहाजातून दूरवर जाऊ लागली. बाउहाउस या जर्मन संस्थेत शिकवणाऱ्या मार्सेल ब्रॉयर यांनी १९२५च्या सुमारास सायकलच्या वाकवलेल्या पोलादी नळीवरून कल्पना घेऊन नळ्यांची चौकट आणि त्यावर ताणलेले कापड एवढ्यावरच एक आरामखुर्ची उभी केली. भरीव लाकूड आणि जाड गादी या दोन्हींविना शरीर पेलता येते, हे तिने दाखवून दिले.

फिनलंडचे आल्व्हार आल्तो यांना मात्र ही नळी पटली नाही. क्षयरोग्यांसाठी पैमिओ येथे आरोग्यधाम बांधताना, १९३०च्या दशकाच्या आरंभी, त्यांनी वाकवलेल्या प्लायवुडची खुर्ची रचली. थंड हवेत पोलादाचा स्पर्श रुग्णांना बोचतो, म्हणून लाकूड. आणि टेकणीचा कोन असा, की छाती मोकळी राहून श्वास सुलभ व्हावा. हा विचार आपल्या हवामानाला उलट बाजूने लागू पडतो. त्वचेचे तापमान साधारण ३३-३४ अंश सेल्सियस असते. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२ अंशांवर जातो, तेव्हा उघड्या पोलादी हातांतून उष्णता झपाट्याने त्वचेकडे येते. लाकूड उष्णता सावकाश वाहून नेते, म्हणून हात आणि टेकणीचा वरचा काठ, म्हणजे जिथे उघडी त्वचा लागते ते भाग, लाकडाचेच असावेत.

चार्ल्स आणि रे ईम्स या दांपत्याने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी नौदलासाठी प्लायवुडच्या, पायाच्या आकाराच्या पट्ट्या तयार केल्या होत्या. जखमी सैनिकाचा पाय स्थिर धरण्यासाठी त्या वापरल्या जात. लाकडाचे पातळ थर एकाच वेळी दोन दिशांना वळवण्याचे जे कसब तिथे साधले, त्यातूनच पुढे १९५६ साली त्यांची प्रसिद्ध आरामखुर्ची आणि पाय ठेवण्याचे स्टूल ही जोडी आली. प्लायवुडची स्वतंत्र कवचे, त्यांत बसवलेल्या बदलता येणाऱ्या गाद्या आणि कायमचा मागे कललेला बसायचा भाग अशी तिची रचना आहे. भारत सरकारच्या निमंत्रणावरून याच दांपत्याने १९५८ साली एक अहवाल लिहिला, आणि त्याच्या पाठोपाठ १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी सर्वाधिक कौतुक केले ते आपल्या लोट्याचे, पिढ्यान्‌पिढ्या हाताळला जाऊन नेमक्या आकाराला पोहोचलेल्या वस्तूचा नमुना म्हणून.

तरीही आपल्याला सर्वांत जवळचा धडा चंदीगडचा आहे. १९५०च्या दशकात नवी राजधानी उभी राहत असताना वास्तुरचनाकार पिएर जानरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना कार्यालयांसाठी, महाविद्यालयांसाठी आणि घरांसाठी मोठ्या संख्येने फर्निचर हवे होते. पोलादी नळी महाग आणि दुर्मीळ, तर कुशल सुतार, सागवान आणि वेत हाताशी. म्हणून त्यांनी इंग्रजी व्ही अक्षरासारख्या तिरप्या पायांच्या, वेताने विणलेल्या सागवानी खुर्च्या रचल्या, ज्या स्थानिक कारागीर साध्या हत्यारांनी बनवू शकत होते. पुढे त्यांतील बऱ्याच खुर्च्या भंगारात काढल्या गेल्या आणि नंतर परदेशी लिलावांत त्यांना प्रचंड किंमत आली. ही रचना मराठवाड्यासाठी आजही जशीच्या तशी योग्य आहे: वेतातून हवा खेळते, कसलेले सागवान वाळवीला दाद देत नाही आणि तिरपे पाय मागे रेलणाऱ्या माणसाचा भार सुरक्षितपणे पेलतात.

सांगाडा, लवचीक आधार, भरण आणि कापड

आता सोफा उघडून पाहू. आत प्रथम सांगाडा असतो. किनवटच्या जंगलामुळे सागवान आपल्या भागाला परिचित आहे. त्याच्या गाभ्यातील नैसर्गिक तेल वाळवीला दूर ठेवते, परंतु कडेचा फिकट भाग मात्र तसा टिकाऊ नसतो, म्हणून सागवानी म्हणून विकल्या जाणाऱ्या चौकटीत किती फिकट लाकूड आहे ते पाहावे. बाभूळ अतिशय कणखर आहे, बैलगाडीसाठी ती वापरली जात असे, पण नीट वाळवली नाही तर तडकते. लाकडाचा सर्वांत मोठा शत्रू आपल्याकडे हवेतील ओलाव्याचा चढउतार आहे. एप्रिल-मेमध्ये बाहेरची हवा अत्यंत कोरडी असते, आणि खोलीत कूलर सुरू केला की काही तासांत ती दमट होते. लाकूड हा ओलावा शोषते व सोडते, आणि प्रत्येक वेळी रेषांच्या आडव्या दिशेने फुगते व आकसते, लांबीच्या दिशेने मात्र जवळजवळ नाहीच. केवळ खिळ्यांनी जोडलेले सांधे या रोजच्या हालचालीने ढिले होतात. एका लाकडाला खाच पाडून दुसऱ्याचे टोक तीत बसवलेला आणि चिकटवलेला सांधा, कोपऱ्यात आतून तिकोनी ठोकळा आणि स्क्रू, अशी जोडणी असेल तरच चौकट टिकते. प्लायवुडमध्ये एकाआड एक थरांच्या रेषा काटकोनात असल्याने ते फारसे हलत नाही. मात्र ते चांगल्या प्रतीचे हवे. कूलरचे पाणी उडण्याची शक्यता असेल तिथे भुशाच्या दाबीव फळ्यांचा सांगाडा घेऊच नये, कारण त्या एकदा फुगल्या की पुन्हा मूळ जाडीवर येत नाहीत. चौकटीची परीक्षा सोपी आहे: सोफ्याचा पुढचा एक कोपरा वीतभर उचलावा, दुसरा पुढचा पायही लगेच उचलला गेला तर चौकट ताठ आहे, तो जमिनीवरच राहिला तर चौकट पिळवटते आहे.

सांगाड्यावर लवचीक आधार येतो. यात नागमोडी पोलादी स्प्रिंग, ताणलेले रबरी पट्टे किंवा कापडी पिशव्यांत बसवलेल्या सुट्या स्प्रिंग असे प्रकार आहेत. बाजेच्या दोरीचे काम सोफ्यात हा थर करतो. आपल्याकडे खर्च वाचवण्यासाठी हा थर अनेकदा गाळला जातो आणि थेट प्लायवुडच्या फळीवर फोम ठेवला जातो. मग शरीराला झेलण्याचे सगळे काम एकट्या फोमवर येते आणि तो लवकर बसतो. माझा स्पष्ट सल्ला असा, की कापडावर थोडा कमी खर्च करावा, पण पट्टे किंवा स्प्रिंग सोडू नयेत.

फोमबद्दल सर्वाधिक गोंधळ आहे. पॉलियुरेथेन हा पदार्थ जर्मनीत ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली शोधला, आणि १९५०च्या दशकापासून त्याच्या मऊ फोमने काथ्या, कापूस व घोड्याच्या केसांच्या भरणाची जागा घेतली. दुकानदार ३२ डेन्सिटी, ४० डेन्सिटी असे सांगतो, त्याचा अर्थ एवढाच, की त्या फोमचा एक घनमीटर ३२ किंवा ४० किलो भरतो. हा आकडा टिकाऊपणाचा अंदाज देतो, घट्टपणाचा नव्हे. घट्टपणा वेगळ्या चाचणीने मोजतात, आणि ४० डेन्सिटीचा फोम मऊही असू शकतो व कडकही. रोजच्या बैठकीसाठी ३२ ते ४० ही घनता योग्य, पाठीसाठी त्याहून हलका फोम चालतो. सांगितलेली घनता खरी आहे का, हे वजनकाट्यावर तपासता येते. २ फूट लांब, २ फूट रुंद आणि ५ इंच जाडीचा ४० डेन्सिटीचा तुकडा सुमारे १.९ किलो भरला पाहिजे, ३२ डेन्सिटीचा सुमारे दीड किलो. काही हलक्या प्रतीच्या फोममध्ये वजन वाढवण्यासाठी खडूसारखी भुकटी मिसळलेली असते. असा फोम वजनात बसतो पण लवकर चुरतो, त्यामुळे अंगठ्याने दाबून तो लगेच वर येतो का हेही पाहावे. एकाच जाड थरापेक्षा खाली घट्ट आणि वर मऊ असे दोन थर बसणाऱ्या हाडांना चांगले सांभाळतात.

फोमचा दुसरा स्वभाव म्हणजे तो उष्णता अडवतो. त्याच्या बारीक कोशांत हवा कोंडलेली असल्याने शरीराची ऊब बाहेर जाऊ शकत नाही, आणि पश्चिमेची भिंत व सिमेंटचा स्लॅब दिवसभर तापल्यावर संध्याकाळच्या खोलीत हे विशेष जाणवते. पूर्वीच्या माळवदाच्या घरात जाड मातीच्या छतामुळे हा त्रास कमी होता. म्हणून सोफा पश्चिमेच्या भिंतीला चिकटवून ठेवू नये, आणि पाठीचा भाग तरी शक्य असेल तिथे वेताचा किंवा मोकळ्या पट्ट्यांचा ठेवावा. फोम पेट घेतल्यास विषारी धूर होतो. समई, उदबत्ती आणि विजेची उघडी जोडणी त्याच्यापासून दूर असावी.

कापडाची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. रेक्झिन पुसायला सोपे, पण त्यातून हवा जात नाही आणि उन्हाळ्यात ते त्वचेला चिकटते. चामड्यासारखे दिसणारे स्वस्त लेपित कापड ओलावा आणि उष्णतेने काही वर्षांत सालपटते. जाड विणीचे सुती कापड, चेन लावून काढता-धुता येईल असे शिवलेले, आपल्या धुळीच्या हवेत सर्वांत सोयीचे. छत्रपती संभाजीनगरच्या हिमरूचा मोह होणे स्वाभाविक आहे, आणि त्या विणकरांना काम मिळावे असे मलाही मनापासून वाटते. मात्र नक्षीचे जादा धागे हिमरूच्या मागच्या बाजूला सुटे राहतात, रोजच्या घर्षणात आणि ताणात ते ओढले जातात. म्हणून बसायच्या भागाऐवजी तक्क्यांचे अभ्रे आणि पाठीच्या सुट्या उशा यांसाठी हिमरू वापरावे. तिथे ते वर्षानुवर्षे शोभते.

या सर्वांतून मिस्त्रींना काय सांगायचे ते आपोआप ठरते. बसायचा भाग मागे किमान एक-दीड इंच उतरता असावा, पाय पाच-सहा इंच उंच असावेत म्हणजे खालची फरशी झाडता-पुसता येईल आणि वाळवी लागलीच तर वेळीच दिसेल, गाद्या सुट्या असाव्यात म्हणजे दर दोन-तीन महिन्यांनी उलटता येतील आणि फोम बसला की तेवढाच बदलता येईल. नमुना म्हणून मोबाइलमधील छायाचित्र दाखवण्याऐवजी घरातील माणसांची गुडघ्यापर्यंतची मापे आणि खोलीच्या दाराची रुंदी कागदावर लिहून द्यावी. कापड चढवण्याच्या आधी एकदा कारखान्यात जावे, उघडी चौकट, सांधे आणि पट्टे पाहावेत, फोम नुसता ठेवून घरातील सर्वांत वयस्क आणि सर्वांत बुटक्या माणसाला त्यावर निदान वीस मिनिटे बसवावे, मांडी घालून आणि पाय सोडून दोन्ही प्रकारे, आणि त्यांना कोणाचा हात न धरता उठता आले तरच कापड शिवायला सांगावे. या टप्प्यावर पाय अर्धा इंच कापणे किंवा उतार वाढवणे मिस्त्रींना सहज शक्य असते. कापड चढल्यावर त्याच कामासाठी सगळे उसवावे लागते.